न सांगतां दाखविणारा कथाकार : अंतोन चेकॉव्ह

गोष्ट ऐकण्याची आवड मनुष्यास उपजतच असते. परंतु गोष्ट सांगण्याची कला थोड्यांसच साधते. ती ज्यांस पूर्णपणें साधली अशा जगांतील मोजक्या लेखकांत रशियन कथाकार अंतोन चेकॉव्ह याची गणना होते. त्याच्या कथांत मोठीं युद्धें नाहींत, राजवाडे नाहींत, कीं विलक्षण योगायोगहि नाहींत. गाडीवाला, मोच्याकडे काम शिकावयास ठेविलेला पोरगा, खेड्यांतील शाळामास्तरीण, कचेरींतील कारकून अशीं साधीं माणसें त्यांत वावरतात. तरीहि कथा वाचून खालीं ठेविली कीं तीं माणसें आपल्या आळींतील वाटूं लागतात. हें कसें घडतें याचा उलगडा त्याच्या लेखनांत जितका सांपडतो तितकाच त्याच्या चरित्रांतहि सांपडतो. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांकरितां व त्यांच्या पालकांकरितां तें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

अंतोनचा जन्म २९ जानेवारी १८६० रोजीं दक्षिण रशियांत, अझोव्ह समुद्राच्या कांठीं असलेल्या तागानरोग या बंदरांत झाला. त्याचा आजा येगोर हा भूदास होता. त्या काळीं रशियांत जमिनीबरोबर ती कसणारीं माणसेंहि जमीनदाराच्या मालकीचीं समजलीं जात. येगोरनें पै पै सांठवून १८४१ सालीं ३,५०० रूबल भरले आणि स्वतःस, बायकोस व मुलांस मोकळें करून घेतलें. भूदासपद्धति कायद्यानें बंद झाली ती १८६१ सालीं, म्हणजे अंतोन एक वर्षाचा असतांना. माणसाची किंमत रुबलांत होते म्हणजे काय, हें या घराण्यांतील मुलास पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

अंतोनचा बाप पाव्हेल याचें वाणसामानाचें दुकान होतें. चहा-साखरेपासून खारविलेल्या माशांपर्यंत नाना जिन्नस तेथें मिळत. पांच भाऊ व एक बहीण अशा सहा भावंडांत अंतोन तिसरा. पाव्हेल धर्मनिष्ठ होता, संगीताचाहि त्यास मोठा नाद होता. चर्चमधील गायकवृंद तो चालवी आणि आपल्या मुलांसहि त्यांत गावयास लावी. परंतु त्याची शिस्त छडीची होती. चूक झाली कीं मार ठरलेलाच. शाळा सुटल्यावर मुलांनीं दुकान राखावें, व गिऱ्हाईक नसेल तेव्हां तेथेंच कुडकुडत अभ्यास करावा, असा त्याचा नेम असे. या माराची आठवण चेकॉव्हच्या मनांतून जन्मभर गेली नाहीं. मात्र त्याच दुकानांत खलाशी, शेतकरी, कारकून, भिकारी अशीं तऱ्हेतऱ्हेचीं माणसें त्यास रोज जवळून पाहावयास मिळालीं. आई येव्हगेनिया ही कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी. लहानपणीं बापाबरोबर तिनें रशियांत दूरदूरचा प्रवास केलेला असल्यामुळें त्या प्रवासाच्या हकीकती ती मुलांस रंगवून सांगे.

शाळेंत अंतोनची गणना हुशार मुलांत होत नसे. एकदां गणित व भूगोल यांपायीं, आणि पुन्हां एकदां ग्रीक भाषेपायीं, त्यास त्याच वर्गांत राहावें लागलें. १८७६ सालीं बापाचें दुकान बुडालें. सावकारांच्या धास्तीनें बाप मॉस्कोस पळून गेला. मागोमाग आईहि धाकट्या मुलांस घेऊन गेली. सोळा वर्षांचा अंतोन शाळा पुरी करण्यासाठीं एकटा मागें राहिला. राहतें घर दुसऱ्याच्या ताब्यांत गेलें होतें. नव्या मालकाच्या पुतण्यास शिकवावें आणि त्या मोबदल्यांत आपल्याच घराच्या एका कोपऱ्यांत राहावें, अशी त्याची स्थिति झाली. तीन वर्षें त्यानें शिकवण्या केल्या, घरांतील उरलेंसुरलें सामान विकलें आणि त्यांतूनच मॉस्कोस पैसे धाडले. पत्रांत रडगाणें नसे. उलट थट्टामस्करी करून घरच्यांस हंसविण्याचा त्याचा प्रयत्न असे.

१८७९ सालीं तो मॉस्कोस गेला व विद्यापीठांत वैद्यकीचा अभ्यास करूं लागला. तागानरोगच्या नगरपालिकेनें त्यास दरमहा २५ रुबलांची शिष्यवृत्ति दिली होती; परंतु तेवढ्यांत सगळ्या कुटुंबाचें पोट भरणें शक्य नव्हतें. म्हणून त्यानें विनोदी साप्ताहिकांत लिहावयास आरंभ केला. पहिला लेख १८८० सालीं छापून आला. पुढें १८८२ पासून पीटर्सबर्गच्या ‘ओस्कोल्की’ या साप्ताहिकांत तो नियमानें लिहूं लागला. संपादक लेइकिन हा दर ओळीस आठ कोपेक देई, परंतु गोष्ट सुमारें शंभर ओळींत संपली पाहिजे असा त्याचा दंडक असे. माणसें भरलेल्या घरांत, टेबलाच्या एका कडेस बसून, अंतोन या शंभर ओळी लिही.

ही शंभर ओळींची मर्यादा त्यास एखाद्या गुरूसारखी उपयोगी पडली. नायकाच्या स्वभावाचें वर्णन करण्यांतच वीस ओळी खर्चल्या तर गोष्टीस जागा कोठून उरणार? म्हणून माणूस एका खुणेनें उभा करण्याची त्यास संवय लागली. १८८३ सालच्या ‘जाडा आणि बारीक’ या गोष्टींत दोन जुने शाळासोबती रेलवे स्टेशनावर अवचित भेटतात. जाड्याच्या अंगास उंची मद्याचा व सुगंधाचा वास येतो. बारक्याच्या अंगास डुकराच्या मांसाचा व कॉफीच्या चोथ्याचा. कोण श्रीमंत व कोण गरीब हें लेखकानें सांगितलेंच नाहीं, परंतु तें आपणांस कळून चुकलें. दोघे मोठ्या प्रेमानें बोलूं लागतात. इतक्यांत आपला मित्र फार वरच्या हुद्द्यावर चढला आहे असें बारक्यास समजतें, आणि तो जागच्या जागीं आकसतो. त्याच्या ट्रंका व गांठोडीं देखील जणूं आकसतात. त्याचा मुलगा कोटाच्या सगळ्या गुंड्या लावून ताठ उभा राहतो. ‘लाचार’ हा शब्द गोष्टींत कोठेंहि आवश्यक झाला नाहीं. मुलाच्या त्या गुंड्यांनीं तें काम केलें.

१८८४ सालीं चेकॉव्ह डॉक्टर झाला. वैद्यकीच्या शिक्षणाचा आपल्या लेखनावर फार मोठा परिणाम झाला, असें पुढें त्यानें स्वतःच नमूद करून ठेविलें आहे. आणि तें खरेंच आहे. रोगी फार आजारी आहे, असें घरचीं माणसें म्हणतात. डॉक्टरला तेवढ्यानें भागत नाहीं. श्वास कसा चालतो, नखांचा रंग कसा आहे, हात कोठें ठेविला म्हणजे रोगी कण्हतो, हें त्यास पाहावें लागतें, आणि खुणांवरून आंतील विकार ओळखावा लागतो. चेकॉव्हनें हीच दृष्टि कथेंत आणली. मात्र एका रोग्याच्या खुणा त्यानें पाहूनहि न पाहिल्यासारख्या केल्या. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्याच्या स्वतःच्या थुंकींतून रक्त पडलें. तें क्षयाचें चिन्ह होतें. परंतु तें मान्य करावयास तो कित्येक वर्षें तयार झाला नाहीं.

१८८६ सालच्या मार्च महिन्यांत त्याच्या आयुष्यास वळण देणारी गोष्ट घडली. दिमित्री ग्रिगोरोविच नांवाच्या वयोवृद्ध व मान्यवर कादंबरीकाराचें त्यास अकल्पित पत्र आलें. तुझ्यांत खरी प्रतिभा आहे, निसर्गाचीं व माणसांचीं चित्रें तूं यथार्थ काढतोस, परंतु घाईनें लिहून ती वाया घालवूं नकोस, असा त्याचा आशय होता. सव्वीस वर्षांचा चेकॉव्ह हेलावून गेला. कोणत्याहि गोष्टीवर आपण एक दिवसाहून अधिक वेळ घालविलेला नाहीं, अशी त्यानें उत्तरांत कबुली दिली, आणि पुढें तो अधिक विचारपूर्वक लिहूं लागला.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, मे महिन्यांत, थोरला भाऊ अलेक्झांडर यास त्यानें एक पत्र लिहिलें. अलेक्झांडर हाहि लेखक होता. या पत्रांत कथालेखनाचें जें मर्म त्यानें उलगडलें आहे, तें जगांतील लेखक अजून आठवतात. सूर्यास्त, चंद्रोदय, समुद्राच्या लाटा यांचीं ठरीव व भरजरी वर्णनें टाकून द्यावींत, आणि लहानलहान वस्तु अशा निवडून मांडाव्या कीं वाचकानें डोळे मिटले तरी चित्र दिसलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें. दाखला म्हणून त्यानें चांदण्या रात्रीचें वर्णन घेतलें. पाणचक्कीच्या बांधावर पडलेली फुटक्या बाटलीची कांच लकाकते आणि कुत्र्याची किंवा लांडग्याची काळी सांवली धांवत जाते, एवढें दाखविलें कीं चांदणें आपोआप पडतें. मनाच्या स्थितीचेंहि तसेंच. पात्राच्या मनांत काय चाललें आहे याचें पाल्हाळ न लावतां त्याच्या कृतींतूनच तें दिसूं द्यावें, असें त्यानें भावास कळविलें. ही बाटलीची कांच त्यानें स्वतःच्या एका गोष्टींत वापरली होती. आणि पुढें दहा वर्षांनीं लिहिलेल्या ‘सीगल’ नाटकांत, एक तरुण लेखक दुसऱ्या लेखकाच्या याच युक्तीचा हेवा करतो असें दाखवून त्यानें स्वतःचीच थोडी थट्टाहि केली.

आमच्या विद्यार्थ्यांस येथें एक शंका येईल. चंद्राचें सौंदर्य वर्णन करण्यास इतके सुंदर शब्द भाषेंत असतां फुटकी बाटली कशास हवी? याचें उत्तर असें कीं, रमणीय, मनोहर, अवर्णनीय हे शब्द लेखकास काय वाटलें तेवढेंच कळवितात. वाचकाच्या डोळ्यांपुढें कांहींच येत नाहीं. उलट, अंधारांत चमकणारी कांच आपण सर्वांनीं कधींना कधीं पाहिलेली असते. ती आठवली कीं तिच्यावर पडलेला उजेडहि आठवतो, आणि रात्र वाचकाच्या मनांत त्याच्या स्वतःच्या आठवणींतून तयार होते.

परंतु ही केवळ वर्णनाची युक्ति असती तर चेकॉव्हचें नांव राहिलें नसतें. तिचा खरा उपयोग त्यानें मुक्या माणसांचें दुःख दाखविण्यासाठीं केला. १८८६ च्या जानेवारींत छापलेल्या एका कथेंत योना पोतापोव्ह नांवाचा म्हातारा बर्फावरील गाडी हांकणारा आहे. संध्याकाळची वेळ, नुकतेच दिवे लागले आहेत, ओला बर्फ पडतो आहे. योना वांकून बसला आहे, त्याच्या अंगावर बर्फ सांचला तरी तो झटकीत नाहीं. त्याची घोडीहि तशीच पांढरी, निश्चल उभी आहे. त्याचा मुलगा याच आठवड्यांत वारला आहे. तो गाडींत बसलेल्या अधिकाऱ्यास तें सांगूं पाहतो. अधिकारी डोळे मिटून घेतो. मग तीन तरुण येतात. ते त्यास शिव्या देतात, गाडी जोरानें हांक म्हणतात. रात्रीं तबेल्यांत एक तरुण गाडीवाला पाण्यासाठीं उठतो. योना त्याच्याशीं बोलूं लागतो तों तो पांघरूण ओढून झोंपी जातो. शेवटीं योना घोडीजवळ जातो. ती चारा खात असते. तिचा ऊन श्वास त्याच्या हातांवर येत असतो. आणि तो तिला सगळी हकीकत सांगतो. एवढ्या मोठ्या शहरांत ऐकून घेणारें एकहि माणूस नव्हतें, असा निष्कर्ष लेखकानें शेवटीं जोडलेला नाहीं. तो वाचकाच्याच मनांत उठतो, आणि म्हणूनच तो विसरतां येत नाहीं.

त्याच वर्षीं नाताळाच्या सुमारास छापलेली ‘व्हांका’ ही कथा आमच्या लहान विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावी. नऊ वर्षांचा पोरका व्हांका मॉस्कोंत एका मोच्याकडे काम शिकावयास राहिला आहे. मालक मारतो, पोटभर खावयास मिळत नाहीं. नाताळच्या आदल्या रात्रीं, सगळे चर्चला गेले असतां, तो चुरगळलेल्या कागदावर आजोबांस पत्र लिहितो. मला येथून घेऊन जा, अशी विनवणी करतो. पाकिटावर पत्ता घालतो तो एवढाच : खेड्यांतील आजोबांस. मग थोडा विचार करून आजोबांचें नांवहि घालतो. गांवाचें नांव नाहींच. पत्र पेटींत टाकून तो आनंदानें येतो, झोंपतो, आणि स्वप्नांत आजोबा तें पत्र वाचीत असलेले पाहतो. कथा येथें संपते. पत्र पोहोंचणार नाहीं हें व्हांकास ठाऊक नाहीं. तें वाचकास ठाऊक आहे. लेखकानें येथें हाय हाय केलें असतें तर आपण त्याच्याबरोबर क्षणभर हळहळून पुस्तक मिटलें असतें. तो गप्प राहिला म्हणून तें पत्र पोहोंचविण्याची तळमळ आपल्याला लागून राहते.

हा संयम तो इतरांसहि शिकवीत असे. दुःखी माणसाचें चित्र काढतांना लेखकानें स्वतः थंड राहावें, म्हणजे त्या थंडपणाच्या पार्श्वभूमीवर दुःख अधिक उठून दिसतें, असें त्यानें १८९२ सालीं एका लेखिकेस लिहिलें. १८९९ सालीं त्यानें तरुण गॉर्कीस विशेषणें खोडून टाकण्याचा सल्ला दिला. माणूस गवतावर बसला, असें म्हटलें तर वाचकास तें लगेच दिसतें. तेथें त्या माणसाची उंची, बांधा, दाढीचा रंग, गवताची अवस्था असें सर्व एकाच वाक्यांत कोंबलें तर वाचक गोंधळून जातो व त्यास कांहींच दिसत नाहीं. म्हणजे चित्रमय लिहिणें व शब्दबंबाळ लिहिणें यांत अंतर आहे. चेकॉव्हच्या कथांत वर्णन थोडें असतें. पण जें असतें तें नेमकें असतें. आणि जेथें गोष्टीस महत्त्व नाहीं तेथें तो दोन वर्षें गेलीं असें सरळ सांगून मोकळा होतो. सर्वच दाखवीत बसणें हाहि एक दोष आहे.

१८८८ सालीं ‘स्टेप’ ही त्याची दीर्घकथा प्रसिद्ध झाली. शाळेसाठीं घर सोडून निघालेल्या एका लहान मुलाच्या डोळ्यांनीं तींत रशियांतील अफाट गवताळ माळरान पाहिलेलें आहे. त्याच वर्षीं त्याच्या कथासंग्रहास पुष्किन पारितोषिक मिळालें. कीर्ति आली, परंतु १८८९ सालीं चित्रकार भाऊ निकोलाय क्षयानें वारला. शिवाय कांहीं टीकाकार असाहि आक्षेप घेऊं लागले कीं, या लेखकास कशाचेंच सोयरसुतक नाहीं, तो नुसता आरसा धरतो, बरें-वाईट म्हणत नाहीं. या आक्षेपास त्याच्या पुढील आयुष्यानें जें उत्तर दिलें तें पाहण्यासारखें आहे.

१८९० च्या एप्रिलमध्यें तो आपल्या खर्चानें साखालीन बेटाकडे निघाला. रशियाच्या अगदीं पूर्व टोंकाशीं असलेल्या या बेटावर जन्मठेपेचे कैदी पाठविले जात. सैबेरियांतून जाणारी रेलवे अजून बांधावयास घेतलेली नव्हती. घोडागाड्यांतून, चिखलांतून, पूर आलेल्या नद्यांवरून, रक्त पडणारी छाती घेऊन तो जुलैमध्यें तेथें पोहोंचला. तीन महिने राहून त्यानें एकट्यानें बेटावरील वस्तीची गणती केली. घरोघर, कोठडीकोठडींत जाऊन त्यानें नांव, वय, जन्मस्थान, धंदा, लिहितां-वाचतां येतें कीं नाहीं अशी माहिती छापील पत्रिकांवर लिहून घेतली. अशा सुमारें दहा हजार पत्रिका त्यानें भरल्या. जीं माणसें सरकारी दप्तरांत केवळ आंकडे होतीं, त्यांना पुन्हां नांवें मिळालीं.

त्यावर लिहिलेलें पुस्तक १८९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत एका कैद्यास नव्वद फटके मारण्याच्या शिक्षेचें वर्णन आहे. बांकास बांधलेला मनुष्य, फटके मोजणाऱ्याचा आवाज, दर पांच फटक्यांनंतर बाजू बदलणारा व मध्यें अर्धा मिनिट थांबणारा फटकेवाला, एवढेंच तो दाखवितो. ज्यानें स्वतः लहानपणीं मार खाल्ला होता त्याला ‘क्रूर’ हा शब्द सुचला नसेल काय? परंतु तो शब्द लिहिला असता तर वाचकानें मान डोलावली असती, आणि पुढचें पान उलटलें असतें. ती गणती ऐकत ऐकत नव्वदपर्यंत जाणें मात्र वाचकास जड जातें. या पुस्तकानें सुशिक्षित रशियाचें लक्ष त्या बेटाकडे वळविलें. चेकॉव्हनें तेथील मुलांसाठीं पुस्तकेंहि गोळा करून पाठविलीं.

परततांना तो समुद्रमार्गें हाँगकाँग, सिंगापूर व सिलोन या बाजूनें आला. सिंगापूरच्या वाटेवर जहाजावर वारलेल्या दोघां माणसांचीं प्रेतें समुद्रांत सोडलेलीं त्यानें पाहिलीं. त्यांतून ‘गुसेव्ह’ ही कथा जन्मली. एका सामान्य शिपायाचें, शिडाच्या कापडांत शिवलेलें प्रेत पाण्यांत खोल खोल जातें, मासे त्याच्याभोंवतीं जमतात, आणि वर आकाशांत मावळतीचे रंग पसरतात. मरणावर एकहि प्रवचन नाहीं. तरी वाचणारा बराच वेळ गप्प बसतो.

१८९२ सालीं त्यानें मॉस्कोच्या दक्षिणेस मेलिखोव्हो येथें जमीन घेतली. दुकान बुडवून पळालेला तो जुना कडक बापहि तेथें म्हातारपणीं त्याच्याच आश्रयास राहिला. त्याच वर्षीं पटकीची सांथ आली. पंचवीस खेडीं, चार कारखाने व एक मठ एवढा टापू त्यानें विनावेतन संभाळला. एरवींहि पहांटेपासून रोगी दारांत उभे असत. १८९६ ते १८९९ च्या दरम्यान तालेझ, नोव्होसेल्की व मेलिखोव्हो या तीन गांवीं त्यानें शेतकऱ्यांच्या मुलांकरितां शाळा बांधविल्या; पैसे त्याचे स्वतःचे व लोकांकडून मिळविलेले. या रोग्यांच्या रांगांतून व शाळांच्या ओसऱ्यांवरून त्याचीं पात्रें आलीं आहेत. जवळून पाहिल्यावांचून त्यास दाखवितां आलें नसतें, आणि आपुलकीवांचून त्यानें इतकें जवळून पाहिलेंच नसतें.

१८९७ च्या मार्चमध्यें मॉस्कोंत जेवावयास बसला असतां त्याच्या तोंडांतून रक्ताची धार लागली. आतां रोग लपवितां येईना. डॉक्टरांनीं त्यास उष्ण हवेंत राहावयास सांगितलें, म्हणून तो काळ्या समुद्राच्या कांठीं याल्टा येथें राहूं लागला. ‘सीगल’ नाटक १८९६ सालीं पीटर्सबर्ग येथें साफ पडलें होतें. तेंच १८९८ च्या डिसेंबरांत मॉस्को आर्ट थिएटरनें केलें तेव्हां यशस्वी झालें. या नाटकमंडळींतील नटी ओल्गा क्निपर हिच्याशीं त्यानें १९०१ सालीं विवाह केला. १९०४ च्या जानेवारींत ‘चेरी ऑर्चर्ड’ हें त्याचें शेवटचें नाटक रंगभूमीवर आलें. जुन्या घराण्याची बाग विकली जाते, सर्व मंडळी निघून जातात, आणि रिकाम्या घरांत विसरलेला म्हातारा चाकर एकटा राहतो. बाहेर झाडांवर कुऱ्हाडीचे घाव पडत असल्याचा आवाज ऐकूं येतो, आणि पडदा पडतो. एक युग संपल्याचें कोणीहि बोलून दाखवीत नाहीं.

त्याच उन्हाळ्यांत तो उपचारासाठीं जर्मनींतील बाडेनवायलर येथें गेला, व तेथें १५ जुलै १९०४ रोजीं वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षीं वारला. त्याचें शव मॉस्कोस आणलें गेलें तें कालवें वाहून नेण्याच्या थंड डब्यांतून. त्याच्या मित्रांस याचा मोठा विषाद वाटला. मॉस्कोच्या नोव्होदेविची दफनभूमींत त्याची समाधि आहे. पुढें कॉन्स्टन्स गार्नेट या विदुषीनें १९१६ ते १९२२ या काळांत त्याच्या कथांचे तेरा खंड इंग्रजींत आणले, आणि रशियन न जाणणाऱ्या असंख्य वाचकांस त्याच्या कथा खुल्या झाल्या.

आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रापासून काय घ्यावें? सर्वांस कथाकार व्हावयाचें नाहीं. परंतु निबंध, पत्र, दैनंदिनी सर्वांसच लिहावयाची असते. पाऊस फार जोराचा होता, सर्वांची तारांबळ उडाली, असें लिहिण्यापूर्वीं थोडें थांबावें. कौलांतून गळणाऱ्या धारेखालीं आईनें कोणतें पातेलें ठेविलें होतें? ओल्या सरपणाच्या धुरानें आजीनें कितीदां पदर डोळ्यांस लावला? गोठ्यांतील वासरूं कोणत्या कोपऱ्यांत उभें होतें? यांतील एक गोष्ट नीट आठवून लिहिली कीं पाऊस कागदावर येतो. तशीच एक सूचना आणखी करावीशी वाटते. राग, दुःख, भीति, भूक हे शब्द न वापरतां ज्याला राग आला आहे, जो दुःखी आहे, भ्याला आहे किंवा उपाशी आहे अशा माणसाविषयीं पांच वाक्यें लिहून पहावींत. त्या माणसाचे हात काय करीत होते येथून आरंभ करावा. त्यासाठीं प्रथम त्या माणसाकडे नीट पाहावें लागेल. घरीं रोज दूध घालावयास येणारा, रस्त्यावर जोडे शिवीत बसणारा, शाळेची घंटा देणारा, यांच्याकडे आपण किती दिवसांत नीट पाहिलें नाहीं, हें त्या वेळीं लक्षांत येईल. पालकांनींहि मुलांचें लिखाण वाचतांना अलंकार किती आहेत हें मोजण्याऐवजीं डोळ्यांपुढें काय आलें तें त्यांस विचारावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.